वायर कुणी काढली?

धम्मदिनाला "असं असं झालं म्हणे" म्हणून काही सांगायची सोय नाही. ती लगेच विचारते, "तू पाहिलंस?" आपण नाही म्हटलं की गप्प बसते आणि पुढचं आपलं सगळं बोलणं हवेत जातं. मागे तिला कल्याणचं एक स्थळ आलं होतं. मुलाचे मामा म्हणाले, "आमचा मुलगा निर्व्यसनी, सुपारीच्या खांडालासुद्धा शिवत नाही." ही चहाचा कप पुढे करत म्हणाली, "तुम्ही पाहिलंय?" मामा राहणार नाशिकला. स्थळ तिथेच बारगळलं. तिची आई कौसल्यामावशी अजून हे सांगताना कपाळावर हात मारून घेते आणि मग तिलाच हसू आवरत नाही.

धम्मदिना भिवंडीजवळच्या शेलार गावची. वडील जानूकाका एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. ही ठाण्याला इंजिनिअर झाली. पुण्याची बरी नोकरी चालून आली होती ती सोडून इथे, कशेळीच्या रस्त्यावरच्या मिलिंदसरांच्या छोट्या कंपनीत आली, कारण पुण्याला म्हणे यंत्र बघायलाच मिळत नाही, नुसता स्क्रीन बघायचा. मी क्षितिजा, कशेळीची, आगऱ्यांची पोर. कंपनीत तिने केलेलं काम तपासून त्यातल्या चुका काढायच्या हे माझं काम. म्हणजे आमचं पटायचं काही कारण नव्हतं. तरी पटलं, कारण तिच्या कामात चूक काढली की ती खूश होते. असा माणूस मी दुसरा बघितलेला नाही. बाकी लोक तोंड फुगवतात.

आम्ही गोदामांच्या पट्ट्यांसाठी एक उपकरण करतो. खोकी वाहून नेणारा रबरी पट्टा जिथे संपतो तिथे दोन रूळ एकमेकांना चिकटून फिरत असतात. त्यात हात गेला तर संपलं. म्हणून तिथे आमची एक डबी बसवलेली असते. हात जवळ आला की तिला तो दिसतो आणि पट्टा जागच्या जागी थांबतो. गोदामातल्या बायका तिला डोळाच म्हणतात, आम्हीही आता तेच म्हणतो. डोळ्यापासून एक वायर निघते आणि पट्टा चालवणाऱ्या छोट्या संगणकात खोचलेली असते. त्या संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये धम्मदिनाने लिहिलेला ड्रायव्हर, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, बसतो. काम एवढंच, की डोळा जोडलेला आहे, झोपला आहे, जागा आहे, की कुणी काढून नेला आहे, हे ओळखायचं आणि लिहून ठेवायचं.

यातल्या दोन गोष्टी आधीच सांगते, म्हणजे पुढे घोळ नको. एक, पट्टा बराच वेळ रिकामा थांबला तर डोळ्याची वीज बंद होते. त्याचा हिरवा दिवा विझतो, तो झोपतो. दिवा जास्त टिकावा म्हणून धम्मदिनाने तसं केलं होतं. पट्टा सुरू झाला की ड्रायव्हरने त्याला उठवायचं. दोन, डोळा कुणी काढून नेला असेल तर पट्टा चालूच राहतो. हे हिरामणशेठने मागून घेतलं होतं. डोळा दुरुस्तीला नेला तर काम खोळंबायला नको म्हणून. हिरामणशेठ हा ही गोष्ट घडली त्या गोदामाचा ठेकेदार. माणसं त्याची, पॅकिंगचं काम त्याचं. धम्मदिना तेव्हा नको म्हणाली होती. पण गिऱ्हाईक मागतंय म्हटल्यावर मिलिंदसरांनी हो केलं आणि तिने लिहून दिलं.

मग त्या मंगळवारी कमळकाकीचा हात गेला.

कमळकाकी आणि हौसाकाकी आमच्याच आळीतल्या, सख्ख्या जावा. एकाच घरात राहतात, एकाच चुलीवर जेवतात, एकाच पट्ट्यावर कामाला. जेवणाची सुट्टी संपली, पट्टा सुरू झाला. रुळाजवळ एक खोकं तिरकं अडकलं. कमळकाकीने रोज घालतात तसा हात घातला, कारण हात जवळ गेला की पट्टा थांबतो हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. पट्टा थांबला नाही. हौसाकाकीने धावत जाऊन लाल बटण दाबलं. ठाण्याच्या डॉक्टरांनी हात वाचवला, पण दोन बोटं काढावी लागली.

संध्याकाळी हिरामणशेठच्या माणसाने संगणकातल्या नोंदी आमच्याकडे पाठवल्या. पट्टा सुरू झाला त्याच क्षणाला नोंद होती, "डोळा काढला." अपघातानंतर थोड्याच वेळात दुसरी नोंद, "डोळा जोडला." आणि सुपरवायझर शपथेवर सांगत होता, की तो धावत आला तेव्हा वायर हौसाच्या हातात होती. त्याच्यासोबतच्या आणखी दोघांनी पाहिली.

म्हणजे हिशेब सरळ लागला. हौसाने वायर काढली, कमळचा हात गेला, मग घाबरून हौसाने वायर परत लावली. का काढली, याचंही उत्तर शेठकडे तयार होतं. त्या गोदामात दोन पट्टे आहेत, एक पोरांचा आणि एक बायकांचा. "डोळा बंद पडतो तो फक्त बायकांच्याच पट्ट्यावर. पोरांच्या पट्ट्यावर कधी नाही. बायकांना गप्पा हाणायला वेळ पाहिजे ना, काढून ठेवतात वायर." हे तो फोनवर मिलिंदसरांना सांगत होता आणि मी समोर बसून ऐकत होते. माझं डोकं असं भडकलं की मी उठून बाहेर गेले.

शनिवारी दुपारी तो कमळकाकीला घेऊन पोलिसांत जाणार होता आणि हौसाकाकीचं नाव देणार होता. कमळकाकीने हो म्हटलं होतं.

हे मला आईकडून कळलं. कमळने हौसाच्या हातची भाकरी बंद केलीय, हेही. एका हाताला एवढं मोठं बँडेज, भाकरी थापता येत नाही, तरी ती शेजारणीकडून मागवून खाते आणि हौसा वाढायला आली की ताट सरकवते. अख्खी आळी बघत होती.

मिलिंदसर वाईट माणूस नाहीत. पण त्यांना सुटल्यासारखं झालं होतं आणि ते लपत नव्हतं. "नोंद स्वच्छ आहे," ते म्हणाले. "आपलं उपकरण बरोबर आहे. वायर काढली तर डोळा काय करणार?"

धम्मदिना नोंदीकडेच बघत बसली होती. "सर, 'काढला' हा शब्द माझा आहे."

"म्हणजे?"

"संगणकाला हात दिसत नाही. वायरीच्या एका तारेत वीज आहे की नाही एवढंच त्याला कळतं. वीज असली की मी लिहिते 'जोडला', नसली की 'काढला'. कुणी काढला, का काढला, खरंच काढला का, यातलं काही त्याला माहीत नसतं. मला तिथे दुसरा शब्द सुचला नाही म्हणून मी तो लिहिला."

"पण लोकांनी तिच्या हातात वायर पाहिली."

"कधी पाहिली? पट्टा सुरू व्हायच्या आधी की हात गेल्यावर?"

सरांनी हात झटकले. "धम्मदिना, यात उकरत बसू नकोस. आपली चूक निघाली तर पोलीस आपल्या दारात येतील. अठरा गोदामांतले डोळे काढून आणावे लागतील. कळतंय का?"

तिला कळत होतं. तिने तीच नोंद पुन्हा वाचायला घेतली.

त्याच दिवशी मी तिला हौसाकाकीकडे घेऊन गेले. काकी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. निवडलेलेच परत निवडत होती. धम्मदिनाने विचारलं, तुम्ही वायर काढता का कधी? मला वाटलं काकी नाही म्हणेल. नाही म्हणून सुटता आलं असतं तिला. पण ती म्हणाली, "काढते ना. डोल्याचा दिवा इझला का काढाची न् परत लावाची. का पेटतो. सगल्याच करतान."

हे खरं आहे. आमच्या भिवंडीत काहीही बंद पडलं की पहिला उपाय काढून लावणे. टीव्ही, मीटर, पॉवरलूमची मोटर, नवऱ्याचा मोबाईल. दुसरा उपाय थोपटणे. तिसऱ्याची वेळ सहसा येत नाही. आणि धम्मदिनासारख्यांची पंचाईत इथेच होते, कारण ती पोहोचेपर्यंत कुणीतरी काढून लावलेलं असतं, सगळं सुरळीत चाललेलं असतं, आणि आजार काय होता ते कळायचा मार्ग बंद झालेला असतो.

"मंगळवारी कधी काढली? जेवायच्या आधी की नंतर?"

काकीचे हात थांबले. "आठवत न्हाय ग बाय. लाल बटन दाबला तो आठवतो. कमल वरडत व्हती. मंग डोल्याकरं बगलं तर दिवा इझलेला, न् मी काढली न् लावली. तवा सगली आली. पन त्याच्या आदी बी काढली व्हती काय... रोजची सवय, कुनाला ध्यान रातंय." मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "क्षितू, माज्याच हातानं झाला आसंल काय?"

मी नाही म्हटलं, जोरात म्हटलं. धम्मदिना काहीच बोलली नाही. तिने पाहिलं नव्हतं ना. मला तिचा इतका राग आला की परत येताना रिक्षात मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. नुसतं दोन शब्द धीराचे बोलायला काय जात होतं? आता वाटतं, तिने खोटा धीर दिला नाही तेच बरं झालं. पण त्या दिवशी नाही वाटलं.

ऑफिसात तिने डोळा टेबलावर मांडला. झोपव, उठव. झोपव, उठव. एकदासुद्धा चुकला नाही. मग तिने ड्रायव्हरमध्ये जागोजागी आपल्या तपासणीच्या ओळी घातल्या. म्हणजे प्रत्येक पायरीवर संगणकाने लिहायचं: आता वीज दिली, आता विचारलं, आता उत्तर आलं. लिहून सगळं आलं, चूक आली नाही. जेवणाचा डबा तसाच परत जायला लागला. सर दारातून डोकावून जायचे.

शुक्रवारी आम्ही गोदामात गेलो. हौसाकाकीला शेठने कामावरून थांबवलेलंच होतं. धम्मदिनाने तपासणीच्या ओळी घातलेला ड्रायव्हर दोन्ही पट्ट्यांवर चढवला आणि नुसती बघत उभी राहिली. पोरांच्या पट्ट्यावर सकाळपासून एकदाही शांतता नव्हती. जेवायची वेळ झाली तसे ते दोघं-दोघं उठून जायचे, बाकीचे पट्टा चालू ठेवायचे. हिरामणशेठची तशीच सूचना होती. बायका मात्र सगळ्या एकदम उठल्या. मोठा खांब आहे त्याच्यामागे पुठ्ठे अंथरले, गोल करून बसल्या, सगळे डबे मधोमध उघडले. एकीचं सुकट, एकीची वालाची आमटी, एकीचं नुसतंच लोणचं. आम्हालाही हाताला धरून बसवलं.

"तुम्ही पाळीपाळीने नाही जेवत?" धम्मदिनाने विचारलं.

"एकटी कोन जेवतं?" एक बाई म्हणाली. "शेठनं सांगतलेला पाली लावा म्हनून. आमी न्हाय ऐकला. दिसभर उबं रायाचं, न् जेवाला बी एकलीनं बसाचं?"

धम्मदिना हातात घास घेऊन वळली. पट्टा थांबलेला होता. बराच वेळ थांबलेला होता. आम्ही बघत असतानाच डोळ्याचा हिरवा दिवा विझला.

तिने घास खाली ठेवला. मला कोपऱ्यात ओढून नेऊन म्हणाली, "क्षिती, अख्ख्या गोदामात झोपतो तो हा एकच डोळा. पोरांचा दिवसभर जागा असतो. मी झोपायचा नियम लिहिला तेव्हा धरून चालले, की दिवसा पट्टा थांबणारच नाही, फक्त रात्री थांबेल. सगळ्या मिळून जेवायला बसतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही." ती खांबाकडे बघत होती. डोळ्याची वायर त्या खांबाला वळसा घालून, वरून, लांबून आणलेली होती. ऑफिसात आमची वायर वीतभर. "लांब वायरीतून वीज चढायला जरा जास्त वेळ लागतो. मी उठवल्याबरोबर विचारते, आहेस का? वीज चढायच्या आत विचारलं तर तार कोरडी. मग मी लिहिणार, काढला, आणि वायर काढून परत लावेपर्यंत वीज बंद."

मी तिचा हात धरला. "मग झालं तर!"

"झालं कसलं? पाहिलं कुठे अजून?"

जेवण आटोपलं, बायका उठल्या, पट्टा सुरू झाला. आम्ही दोघी डोळ्याकडे बघत उभ्या. डोळा उठला. हिरवा दिवा लख्ख पेटला. तिने पट्टा पुन्हा थांबवायला लावला, डोळा झोपू दिला, पुन्हा उठवला. पेटला. सुपरवायझर कंटाळून म्हणाला, "मॅडम, माल पडा है, कितनी बार?" आम्ही हात हलवत परत आलो.

शनिवारी दुपारी पोलिसांत जायच्या आधी एक संधी द्या म्हणून ती हिरामणशेठच्या मागेच लागली. सरांनी नाइलाजाने फोन केला, म्हणून तो तयार झाला. तो कमळकाकीला गाडीतून घेऊन आला. मी हौसाकाकीला घेऊन आले. दोघी पट्ट्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. कमळकाकीने पदराखाली हात धरला होता. तिने एकदाही मान वर केली नाही.

बायका जेवल्या. डोळा झोपला. पट्टा सुरू झाला. डोळा उठला.

"झालं समाधान?" शेठ म्हणाला.

"पुन्हा," धम्मदिना म्हणाली.

पुन्हा तेच. हिरवा दिवा. शेठ घड्याळाकडे बघायला लागला. आणि तेवढ्यात हौसाकाकी पुढे आली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीला मीठ टाकलंय म्हणून सांगावं तसा. "शेठ, नको आता. ही पोर दमली. डोला बरा हाय ना? मंग माजाच हात आसंल. ल्ह्या माजा नाव."

कमळकाकीने तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मला बघवलं नाही. म्हणजे हिनेच काढली तर, असं काहीतरी.

"गप बसा काकी!" धम्मदिना ओरडली. मी तिला कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. सगळे दचकले. ती लॅपटॉपवर वाकलेली होती. स्क्रीनवर तिच्या तपासणीच्या ओळी भराभर वर सरकत होत्या: वीज दिली, विचारलं, उत्तर आलं. ती एकदम थांबली. तोंडावर हात ठेवला.

"मीच थांबवतेय," ती मला म्हणाली. "क्षिती, या ओळी. एकेक ओळ लिहायला संगणकाला वेळ लागतो. वीज दिली असं तो लिहीत बसतो, तेवढ्यात वीज चढून मोकळी होते. मी बघायला आले म्हणून चूक पळाली."

"मग काढ त्या ओळी!"

"काढल्या की आत काय होतंय ते मला दिसणार नाही."

"बाहेर तर दिसेल!"

तिने मान डोलावली. मंगळवारी जो ड्रायव्हर होता तोच, कानामात्रा न बदलता, परत चढवायला घेतला. तेवढ्यात मिलिंदसरांचा फोन आला. शेठच्या माणसाने त्यांना कळवलं असणार. फोनमधून त्यांचा आवाज मला ऐकू येत होता. "धम्मदिना, दाखवून झालंय ना? निघ आता तिथून. हे तू सगळ्यांसमोर सिद्ध केलंस तर आपण संपलो. तू पण संपलीस." तिने ऐकून घेतलं, "हो सर, माहितेय," म्हणाली आणि फोन पालथा ठेवला. दोनदा चुकीची कळ दाबली तिने.

मग ती कमळकाकीकडे गेली. "काकी, एक काम कराल? ही वायर संगणकात जिथे खोचलीय ना, तिथे हात ठेवा. चांगल्या हाताने घट्ट धरा, आत दाबून. कुणाला हात लावू देऊ नका. मलासुद्धा नाही."

कमळकाकीने शेठकडे बघितलं, मग पुढे होऊन वायरीचं टोक मुठीत धरलं. हौसाकाकी आपणहून लांब दाराशी जाऊन उभी राहिली. बायका खांबामागे पुठ्ठ्यांवर परत बसल्या, डबे रिकामे असताना. शेजारच्या पट्ट्यावरची पोरंसुद्धा काम थांबवून बघायला लागली होती. डोळ्याचा दिवा विझेपर्यंतचा तो वेळ सरता सरेना. कमळकाकीच्या मुठीची नखं पांढरी झाली होती.

दिवा विझला. आणखी जरा थांबून धम्मदिनाने सुपरवायझरला खूण केली. पट्टा सुरू झाला.

डोळा विझलेलाच राहिला.

धम्मदिनाने पुठ्ठ्याची एक पोकळ नळी उचलली आणि रुळांजवळ धरली. पट्टा थांबायला हवा होता. नळी तिच्या हातातून ओढली गेली आणि दोन रुळांमध्ये कडकड मोडत गेली. खांबामागून कुणीतरी "अगं आई" म्हणालं. हौसाकाकी दाराशी होती, तिथून धावली आणि तिने लाल बटण दाबलं.

स्क्रीनवर एकच ओळ आली होती. मी ती मोठ्याने वाचली. "डोळा काढला."

"कोनी काढला?" कमळकाकी म्हणाली. तिने मुठीकडे बघितलं. वायर आत होती, घट्ट, तिने स्वतः दाबून धरलेली. "मी धरलंय. कोनी न्हाय काढला. मी धरलंय ना!" ती शेठला ओरडून सांगत होती, जणू आता तोच तिच्यावर आळ घेत होता.

हिरामणशेठ पुढे येऊन वाकून मुठीकडे बघत राहिला.

मग कमळकाकी धम्मदिनाकडे वळली. आवाज खाली आला होता आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "म्हंजे हौसानी न्हाय. मंग ही माजी बोटां कोनामुलं गेली?"

"माझ्यामुळे," धम्मदिना म्हणाली.

"तुज्यामुलं?"

"हो. मी घाईने विचारलं. थांबायला हवं होतं, थांबले नाही. आणि डोळा नसताना पट्टा चालू ठेवायचा, हेही मीच लिहिलंय."

मला राहवलं नाही. "ते शेठनी मागितलं होतं!" मी म्हणाले. "ती नको म्हणत होती, मी होते तिथे!" शेठने माझ्याकडे रोखून बघितलं. मी पण बघितलं.

"लिहिलं मी," धम्मदिना परत म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "पोलिसांत जायचं ना? चला. हे सगळं मी सांगते."

कमळकाकी तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ती हात उगारेल. उगारला असता तर मी मध्ये पडले नसते. पण ती वायरीवरची मूठ अजून सोडत नव्हती. हौसाकाकी लाल बटणाजवळून हळूहळू आली, तिच्या शेजारी उभी राहिली. मंगळवारपासून दोघी एका घरात राहून एकमेकींच्या एवढ्या जवळ आल्या नव्हत्या.

"सोड आता," हौसाकाकी म्हणाली.

"सोडली का परत म्हनतील, काढली म्हनून," कमळकाकी म्हणाली.

हौसाकाकीने आपला हात तिच्या मुठीवर ठेवला. दोघी वायर धरून तशाच उभ्या राहिल्या. कमळकाकी आता हुंदके देऊन रडायला लागली होती. "हौसे, मी तुजं नाव घेतलं असतं ग. आज घेतलंच असतं."

"मी बी घेतलंच व्हतं ना माजं," हौसाकाकी म्हणाली.